पाच चुका, पंधरा मिनिटं

ते गेल्याची बातमी कंपनीच्या मेलवर आली, आणि मला ती पंधरा मिनिटं उशिरा वाचता आली. त्या सकाळी माझ्या पासवर्डची मुदत संपली होती. नवा पासवर्ड मी घाईत ठेवला आणि लगेच विसरले. पाच वेळा चुकले आणि खातं बंद झालं. हल्ली असं झालं की एका नंबरवर फोन करायचा असतो. तिकडचा आवाज एक तक्रार क्रमांक देतो आणि थांबायला सांगतो. मी थांबले. खातं उघडलं तेव्हा सगळ्यात वर त्यांचं नाव होतं आणि नावापुढे ‘माजी मेल प्रशासक’ असं लिहिलेलं होतं. स्वतःला ते कधी प्रशासक म्हणत नसत. कुणी विचारलंच तर सांगत, “मी मेलकडे बघतो.” जसं एखादा म्हणतो, मी घरी म्हाताऱ्या आईकडे बघतो.

दिल्लीजवळ मानेसरला आमचा कारखाना गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या बनवतो. मी तिथे डॉक्युमेंटेशन विभागात आहे. माझी थोरली बहीण, ताई, दोन मजले खाली क्वालिटीत होती. मेलकडे बघणाऱ्या या गृहस्थांना गेटवरचे हरियाणवी गार्ड ताऊ म्हणायचे, बाकीचे लोक मेलवाले सर. ताई आणि मी त्यांना काका म्हणायचो, कारण अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही तिघंच होतो. आम्ही दोघी लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो आणि ते आमच्या पंधरा-वीस वर्षं आधी आर. के. पुरमच्या. त्यांचे वडील टपाल खात्यात होते. मुलगाही टपालातच गेला, असं ते स्वतःबद्दल सांगत. दिल्लीत वाढल्यामुळे त्यांच्या मराठीतून बरेच शब्द गळाले होते आणि त्या रिकाम्या जागांवर हिंदी शब्द येऊन बसले होते. पण ‘पेटी’ हा शब्द त्यांनी जपला होता. मेलबॉक्सला ते कायम पेटी म्हणत. ताईला ते थोरल्या मॅडम म्हणत, मला धाकट्या मॅडम.

त्यांची खोली सर्व्हरच्या खोलीला लागून होती, मधल्या भिंतीत काचेची खिडकी. सर्व्हरला थंड ठेवायचं म्हणून तिथे बारा महिने कडाक्याचा एसी चाले. त्यामुळे ते बारा महिने अर्ध्या बाह्यांचा राखाडी स्वेटर घालत. जूनमध्ये, मानेसरच्या रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असताना, ते स्वेटर आणि कानटोपी घालून कँटीनकडे चालत जाताना दिसत. नवा गार्ड असला की त्यांना सावलीत बसवून पाणी पाजायचा. ते पाणी पीत, आभार मानत आणि पुढे जात. खुलासा करत नसत. जून तुमच्याकडे बाहेर आहे, माझ्या खोलीत नाही, एवढंच एकदा म्हणाले होते.

खोलीच्या दाराबाहेर एक लोखंडी बेंच होता. लॉगिन होत नाही अशी तक्रार ते फोनवर घेत नसत, चिठ्ठीवर घेत नसत. माणसाने स्वतः यायचं आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगायचं. पासवर्ड पाच वेळा चुकला की सर्व्हर खातं पंधरा मिनिटं बंद करी. काकांना ते एका टिचकीत उघडता आलं असतं. ते कधीच उघडत नसत.

“पंधरा मिनिटं बसा,” एवढंच म्हणत. “बिल्कुल घाई नको.”

मग सेल्सचे, अकाउंट्सचे, कधी जपानहून आलेले इंजिनिअरसुद्धा त्या बेंचवर ओळीने बसलेले असत, दवाखान्यात बसल्यासारखे. काकांचं म्हणणं असं, की चूक पासवर्डात नसते, तो टाकणाऱ्याच्या सकाळीत असते. म्हणून पंधरा मिनिटं झाली की ते आधी घरच्यांची चौकशी करत. त्यांच्याकडे एक लांबुळकं रजिस्टर होतं. त्यात नाव, विभाग, वेळ, ‘ते काय म्हणतात’ आणि ‘काय झालं’ असे रकाने. शेवटच्या रकान्यात पाचच कारणांपैकी एक असे: कॅप्स लॉक, विसर, घाई, राग, दुसऱ्याचं खातं. सगळ्यात जास्त वेळा ‘राग’ असायचं. वार्षिक मूल्यांकनानंतरच्या आठवड्यात पानंच्या पानं रागाची. लोक बॉसच्या नावावरून रागारागात पासवर्ड ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी राग उतरला की शिवी नेमकी कोणती होती ते त्यांना आठवत नसे.

कुणी त्यांच्यासमोर पासवर्ड टाकू लागलं की ते पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करत. नुसतं दुसरीकडे बघणं त्यांना पुरेसं वाटत नसे. भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं होतं. त्याच्यावरची सूचना ते पुटपुटत वाचत, म्हणजे कीबोर्डचा आवाजही कानावर पडायला नको. वीस वर्षांत ती त्यांना पाठ झाली होती. कारखान्यात एकदा खरोखरच कचऱ्याने पेट घेतला, तेव्हा ते नळकांडं चालवता आलेला एकमेव माणूस तेच होते.

एका वर्षी कँटीनच्या जेवणावरून युनियन आणि प्लांट हेड यांचं बोलणं तीन महिने अडलं होतं. कोण कुणाच्या खोलीत जाणार यावर घोडं अडलेलं. एका सकाळी युनियनच्या नेत्याचं खातं बंद झालं आणि पाचच मिनिटांत प्लांट हेडचंही. दोघं बेंचवर आले. मधे एक जागा सोडून बसले. पंधरा मिनिटांनी काका दार उघडून पाहतात तर कढी आठवड्यातून दोनच वेळा, असं ठरलेलं होतं. रजिस्टरमध्ये दोघांच्याही नावापुढे शेवटचा रकाना कोरा आहे. मी एकदा त्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, “सर्व्हर कधी कधी स्वतःच्या मनाने पण करतो.” यापेक्षा जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

ताईचं आणि त्यांचं पटत नसे. म्हणजे दोघं रोज भांडत, आणि भांडण झालं नाही त्या दिवशी दोघांनाही चुकल्यासारखं वाटत असावं. कारण होतं पेटी. प्रत्येकाच्या पेटीला ठरावीक जागा होती. ती भरत आली की काका इशारा पाठवत, मग दुसरा इशारा, मग स्वतः बोलावत. मी पडते आज्ञाधारक. आलेली मेल वाचायची, काम करायचं, काढून टाकायची. माझी पेटी रोज संध्याकाळी रिकामी असे. काकांना त्याचं इतकं कौतुक, की त्यांनी एकदा ‘प्लांटमधली सर्वांत स्वच्छ पेटी’ असा कागद छापून माझ्या नावासह नोटीस बोर्डावर लावला. ताई काहीच काढायची नाही. तिच्या पेटीत पहिल्या दिवसापासूनच्या मेल होत्या, कँटीनच्या मेनूसकट.

“थोरल्या मॅडम, मागच्या दिवाळीचा मेनू कशाला ठेवलाय?”

“या दिवाळीला तोच देतील तेव्हा दाखवायला.”

“ऐंशी टक्के भरलीय तुमची पेटी.”

“मग मोठी द्या ना, काका. भाडेकरूला काढायला निघालेल्या मालकासारखं काय करता?”

ताई हॉस्पिटलमध्ये गेली ती पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनसाठी. चौथ्या दिवशी घरी यायची होती. सहाव्या दिवशी गेली. याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. कंपनीत तीन वाजता कॉन्फरन्स रूममध्ये शोकसभा झाली. काका आले, स्वेटर काढून हातात घेऊन उभे राहिले. तो काढलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी लिहिते आहे ती गोष्ट खरं म्हणजे त्यानंतरची आहे.

कुणी नोकरी सोडली की त्याचं खातं बंद करायला एक फॉर्म होता. त्यात कारणाचे तीन चौकोन होते: राजीनामा, निवृत्ती, बडतर्फी. मृत्यूचा चौकोन नव्हता. काकांनी मुख्यालयाला चौथा चौकोन वाढवण्याबद्दल लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. कुणीतरी सांगितलं, राजीनाम्यावर खूण करा आणि मोकळे व्हा. काका म्हणाले, त्यांनी राजीनामा दिलेला नाही. त्यामुळे आमच्या प्लांटमध्ये मेलेली माणसं कामावर होती. ताई धरून चार. बॉयलरवरच्या एका गृहस्थांना जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि आपण अजून अग्निसुरक्षा प्रशिक्षण पूर्ण केलेलं नाही, अशी आठवण त्यांना दर महिन्याला जात होती.

ताईचा फोन माझ्याकडे होता. तिच्या पासवर्डची मुदत ती हॉस्पिटलमध्ये असतानाच संपलेली, त्यामुळे फोनवर नवी मेल येत नव्हती. पण जुन्या सगळ्या होत्या. मला त्याच हव्या होत्या. आम्ही दोघी दोन मजल्यांवर बसून दिवसभर एकमेकींना लिहायचो. आज कढी आहे, खाली येऊ नकोस. माझ्या पर्समधून किल्ली घे. त्या नव्या मॅनेजरचा शर्ट पाहिलास का. तिला मी काय लिहिलं ते तिच्या पेटीत होतं आणि तिने मला काय लिहिलं तेही. माझ्याकडे काहीच नव्हतं, कारण माझी पेटी प्लांटमधली सर्वांत स्वच्छ पेटी होती. द्वारकेहून मानेसरला येताना बसमध्ये मी फोन बंद ठेवी, बॅटरी जुनी होती म्हणून. टेबलाशी पोचले की चालू करी आणि चहा येईपर्यंत दोन-चार मेल वाची. फोन चालू झाला की थोड्या वेळाने पासवर्ड मागणारा एक चौकोन यायचा. मी तो रद्द करायचे. मला वाटे, फोन मला पासवर्ड विचारतोय. तो त्याआधी आपल्याजवळचा जुना पासवर्ड पाच वेळा सर्व्हरला सांगून आला आहे, हे मला माहीत नव्हतं.

ताई जाऊन आठ महिने झाले, तेव्हा मुख्यालयाचे ऑडिटवाले आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, जे कामावर नाहीत त्यांची सगळी खाती महिनाअखेरीला कायमची पुसायचा हुकूम काढला. ताईचं नाव त्या यादीत होतं. खातं पुसलं की फोनवरच्या मेलही जातील, असं मला आयटीतल्या एकाने सहज बोलता बोलता सांगितलं. त्या दिवसापासून मी कॅलेंडरकडे बघू लागले.

दुसरी गोष्ट म्हणजे नवा सुरक्षा नियम. आता पाच चुका झाल्या की नुसतं ते खातं नाही, तर चुका जिथून आल्या तो पत्ताच पंधरा मिनिटं बंद व्हायचा. यात गोम अशी, की हा नियम मुख्यालयाच्या सर्व्हरवर होता, आणि त्याला आमचा अख्खा प्लांट एकाच दारातून येताना दिसतो. एकाने पाच वेळा चूक केली की दार सगळ्यांना बंद. नियम लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला सगळ्या प्लांटची मेल पंधरा मिनिटं बंद पडू लागली. तेवढ्यात माल पाठवायचे कागद अडायचे आणि गेटवर ट्रकांची रांग लागायची. बेंचवर जागा पुरेना. लोक जिन्यावर बसू लागले.

चुका कोणाच्या खात्यावर होतायत हे मुख्यालयालाही दिसत होतं. तिथल्या कुणीतरी आमच्या एचआरला लिहिलं, की सदर कर्मचारी रोज चुकीचा पासवर्ड टाकते, तिला समज द्यावी. एचआरने समज दिली. म्हणजे ताईच्या मेलवर पहिलं ताकीदपत्र गेलं. तिने उत्तर दिलं नाही म्हणून आठवड्याने दुसरं. मग एचआरमधल्या कुणाला तरी नाव ओळखीचं वाटलं, आणि प्लांटभर बोभाटा झाला.

गेटवरचा गार्ड म्हणाला, “ताऊ, यो तो भूत का काम सै.”

“भूत को पासवर्ड की क्या जरूरत?” काका म्हणाले. “वो तो दीवार से आता है.”

प्लांट हेड पंजाबी, व्यवहारी माणूस. त्यांनी सुचवलं की यार, एक छोटासा हवन करून घेऊ, काय बिघडतं. परचेसच्या मॅनेजरने तर सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधली. काकांनी ती त्याच दिवशी काढली. भुताबद्दल त्यांना काही म्हणायचं नव्हतं. लिंबात पाणी असतं, एवढंच म्हणाले.

मला त्या दिवसांत कुणी काही बोलत नसे. मी खोलीत आले की विषय बदलायचा. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. कोणी का असेना, ताईचं नाव रोज सकाळी कुणीतरी घेत होतं.

काकांनी शोध त्यांच्या पद्धतीने लावला. पहिल्या दिवशी त्यांनी फरीदाबादची बस गेटबाहेर थांबवून ठेवली. मेल बंद पडलीच. दुसऱ्या दिवशी गुडगावची. तरी बंद पडली. तिसऱ्या दिवशी आमची द्वारकेची बस थांबवली, तर मेल सुरळीत चालली. चौथ्या दिवशी त्यांनी प्लांट हेडची परवानगी घेऊन आमच्या बसमधल्या बावीस जणांना एकेक करून, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आत सोडायला सुरुवात केली. मे महिना होता. आम्ही रांगेत उभे. काका गार्डच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरशी, स्वेटर आणि कानटोपीत, हातात यादी. लोक चिडले होते. ओळख परेड करता की काय, असं कुणीतरी मागून विचारलं. ते म्हणाले, बिल्कुल.

मी नववी होते. आत गेले, टेबलाशी पोचले, बॅग ठेवली, सवयीने फोन चालू केला. चहा आला तोवर शेजारचे म्हणाले, लो, गई मेल.

मागाहून गार्डने मला सांगितलं की ताऊंनी त्या वेळी घड्याळ पाहिलं, यादी पाहिली, आणि दहाव्या माणसाला आत जायला सांगितलं. मग अकरावा. माझ्यामागचे तेराही जण त्यांनी तसेच, पाच-पाच मिनिटांनी सोडले. तासभर स्वतः केबिनच्या दारात उन्हात उभे राहून. शेवटचा माणूस आत गेल्यावर प्लांट हेडला फोन करून सांगितलं, ट्रायल फेल हो गया. त्या दिवसापासून प्लांटमध्ये सगळे त्यांच्या कामाबद्दल जरा हसून बोलायला लागले. पुढे निवृत्त होईपर्यंत लोक त्यांना त्या बावीस जणांवरून चिडवत.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलाशी आले. ते कुणाच्या टेबलाशी येत नसत.

“धाकट्या मॅडम, बेंचवर या.”

आम्ही बसलो. बेंच रिकामा होता.

“त्यांचा फोन रोज आणता?”

“हो.”

“काय करता त्यावर?”

“वाचते.”

त्यांनी मला समजावून सांगितलं, की फोन काय करतोय. चढ्या आवाजात नाही, मेल शिकवताना बोलायचे तसं. मला इतकी लाज वाटली की मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, नियम असा आहे की या फोनवरून खातं काढून टाकायचं. दोन मिनिटांचं काम.

“मग त्यातल्या मेल?”

“जातात.”

“आणि सर्व्हरवरच्या?”

“महिनाअखेर.”

मी कुणाशी फारसं भांडत नाही. ते खातं ताईचं होतं. पण तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. “माझ्याकडे एकही नाही, काका. तुम्ही सांगितलंत म्हणून मी पेटी रिकामी ठेवत होते. रोज. ताईने तुमचं ऐकलं नाही, म्हणून एवढ्या तरी उरल्यात.”

ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले. मग म्हणाले, “तो कागद मी लावायला नको होता.”

आत जाऊन त्यांनी कॉम्प्युटरवर ताईचं खातं काढलं. त्यात ‘पासवर्डची मुदत संपू नये’ अशी एक खूण असते. ती आमच्याकडे फक्त दोघांना होती, प्लांट हेडला आणि सर्व्हरच्या स्वतःच्या खात्याला. काकांनी ती ताईला केली. नवा पासवर्ड दिला नाही, जुना विचारला नाही. फोनला जो माहीत होता तोच पुन्हा चालू झाला. म्हणाले, आता चुकणार नाही तो, आणि दारही बंद होणार नाही. महिनाअखेरीपर्यंत कागदावर उतरवून घ्या जेवढं होईल तेवढं. महिनाअखेर आठच दिवसांवर होती आणि ताईच्या पेटीत नऊ वर्षं होती. हे त्यांनाही कळत होतं.

मी फोन चालू केला. पासवर्डचा चौकोन आला नाही. त्याऐवजी आठ महिन्यांच्या मेल एकामागून एक येऊ लागल्या. कँटीनचे मेनू. पाण्याची टाकी साफ होणार असल्याची सूचना. दोन ताकीदपत्रं. पेटी नव्वद टक्के भरल्याचा काकांचा इशारा. तो आपोआप जातो, असं त्यांनी घाईने सांगितलं. ‘आपल्या क्वालिटी विभागातील सहकारी यांचे दुःखद निधन, तीन वाजता शोकसभा, सर्वांनी उपस्थित राहावे.’ सर्वांना पाठवलेली, म्हणून तिलाही.

आणि मग फोनने, येणाऱ्या मेलचा नव्हे तर गेलेल्या मेलचा आवाज केला.

काका आणि मी एकमेकांकडे पाहिलं. हॉस्पिटलमध्ये तिने एक मेल लिहून पाठवली होती. मुदत संपली असल्याने ती बाहेरच पडली नव्हती. आठ महिने तशीच दाराशी थांबून होती. दार उघडल्याबरोबर गेली. तिच्या सेक्शन हेडला, एचआरला, ट्रान्सपोर्टला, आणि प्रत मला. इंग्रजीत तीन ओळी होत्या. मी आता बरी आहे. सोमवारपासून कामावर येते. कृपया माझं टेबल कुणाला देऊ नये.

त्या दुपारचं मी काय सांगू. एचआरमधली मुलगी रडायला लागली म्हणे. एचआरच्या यंत्रणेने मात्र न रडता ताईला लगेच उत्तर पाठवलं: पुन्हा स्वागत आहे. सेक्शन हेड जिन्याने धावत वर आले, मला पाहून दारातच थांबले आणि परत खाली गेले. ताईच्या टेबलावर आता बसणाऱ्या इन्स्पेक्टरने आपला कप आणि देवाचं कॅलेंडर उचललं आणि खिडकीपाशी एक स्टूल ओढून तिथे काम करू लागला. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. गार्डने ताऊंना विचारलं, अब के कहोगे. ताऊंनी सांगितलं की डाक कधी कधी लेट होते.

त्या सोमवारी सकाळी बस आमच्या फाटकाशी आली आणि मी चढल्यावर निघेना. ड्रायव्हर नवा होता. त्याच्या हातातल्या छापील यादीत आमच्या थांब्यापुढे दोन नावं होती.

“दूसरी मैडम नहीं आईं?” त्याने विचारलं. “दो मिनट रुक जाता हूँ.”

मागे कुणीतरी त्याला काही सांगायला उठलं. मी म्हटलं, आज नहीं. तरी तो दोन मिनिटं थांबला.

प्लांटमध्ये पोचले आणि सरळ काकांच्या खोलीकडे गेले. का, ते मला सांगता येणार नाही. ते फोनवर होते. पलीकडे मुख्यालयातला ऑडिटवाला, एवढ्या मोठ्याने बोलत होता की मला उभ्या जागी ऐकू येत होतं. तो म्हणत होता की आज सोमवार आहे, और वो आई तो नहीं ना. चूक झाली होती, ठीक आहे, आता खातं पुसा आणि लेखी कळवा.

“लेखी कळवतो,” काका म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी मला बसायला सांगितलं. मग दोन बोटांनी, सावकाश, एकेक अक्षर बघत टाइप केलं. पाठवण्याआधी स्क्रीन माझ्याकडे वळवली. सदर कर्मचाऱ्याने राजीनामा दिलेला नाही, त्या निवृत्त झालेल्या नाहीत, त्यांना बडतर्फ केलेलं नाही. उलट आपण सोमवारपासून रुजू होत असल्याचं त्यांनी गेल्याच आठवड्यात स्वतःच्या खात्यावरून लेखी कळवलं आहे व एचआरने त्यांचं स्वागत केलं आहे. कोणत्या सोमवारपासून, हे त्यात नमूद नाही. तोपर्यंत खातं चालू ठेवण्यात येत आहे.